क्लीव्हलंडवाल्यांनो, विशबोन ॲश कुठे आहे?

मामाच्या नातवाने आज सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. पोरगा ओहायोत शिकतो, मित्रांबरोबर क्लीव्हलंडला जाऊन रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम बघून आला, म्हणजे रॉकमधल्या थोरांची निवड करून त्यांचा मान करणारं म्युझियम. ईरी सरोवराच्या काठावरची ती काचेची तिरकी इमारत, आत गिटारी, ड्रम, कोणाकोणाचे झगमगीत कपडे. आत्या-काकूंनी नेहमीप्रमाणे अंगठे आणि जोडलेले हात पाठवले. मग खाली त्याची एक ओळ: "आजोबांचे बँड यादीत शोधले. विशबोन ॲश नाही, थिन लिझी नाही, युराया हीप नाही. एवढे मोठे नसणार बहुतेक."

नसणार बहुतेक!

ग्रुपवर मी काही बोललो नाही, तिथे सध्या साखरपुड्याच्या हॉलची चर्चा चालू आहे. म्हणून इथे लिहितोय. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमचा मामा जहाजावर फिटर होता. सुट्टीवर आला की बॅगेत घरच्यांसाठी साबण, चॉकलेटं, नेलकटर आणि स्वतःसाठी कॅसेटी. हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, बोट लागेल तिथल्या. इंग्रजी इंजिनरूमपुरतं. गाण्यांचे शब्द त्याला कधी कळले नाहीत आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. चिपळूणच्या घरी पडवीत टू-इन-वन लावून विशबोन ॲशची 'आर्गस' नावाची कॅसेट ऐकायचा. मी शाळेत होतो. एकदा मला शेजारी बसवून म्हणाला, "नीट ऐक. लग्नात सनईवाले दोघं असतात ना, एक वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरून बसतो. हितं दुसरा सूर धरून नाय बसलेला. तोपण गातोय."

या ट्विन लीड गिटारवर, म्हणजे दोन गिटारी बरोबरीने चाल वाजवतात त्या पद्धतीवर, पुढे मी बरंच काही वाचलं, जाडजूड इंग्रजी लेख वाचले. मामाच्या पुढे कोणी गेलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९६९ साली इंग्लंडातल्या विशबोन ॲशच्या पोरांना एक गिटारवाला हवा होता. चाचणीला आलेल्यांत अँडी पॉवेल आणि टेड टर्नर, दोघेही आवडले. एकाला परत पाठवायचं जिवावर आलं, म्हणून दोघांनाही ठेवून घेतलं. तोवर रॉक बँडमधला दुसरा गिटारवाला म्हणजे बहुतेक वेळा मागे उभा राहून कॉर्ड वाजवणारा. इथे दोघेही पुढे. एकच चाल, मध्ये साधारण सा ते ग एवढं अंतर, कधी एकमेकांच्या अंगावरून जाणार, कधी एकमेकांना उत्तर देणार. १९७२ ची 'आर्गस' याच कारागिरीवर उभी आहे. तिकडे डब्लिनच्या थिन लिझीमध्ये १९७४ ला स्कॉट गोरहॅम आणि ब्रायन रॉबर्टसन आले आणि त्यांनी हेच काम आणखी टोकदार केलं. हेवी मेटलवाल्या आयर्न मेडन बँडचा स्टीव्ह हॅरिस 'आर्गस'चं ऋण उघडपणे मान्य करतो. मेडनची गिटार ऐकून अमेरिकेतला कोणता बँड मोठा झाला? मेटॅलिका. आणि हॉल ऑफ फेममध्ये कोण आहे? मेटॅलिका. २००९ पासून.

बरं, या मेटॅलिकाला २००० साली ग्रॅमी कशासाठी मिळालं? 'व्हिस्की इन द जार'साठी. मूळ आयरिश लोकगीत, पण मेटॅलिकाने उचललं ते थिन लिझीने १९७२ मध्ये बांधलेलं रूप. म्हणजे शिष्य मखरात, आणि गुरूचं नाव २०२० मध्ये एकदा मतपत्रिकेवर आलं ते आलं, निवड काही झाली नाही. विशबोन ॲशच्या नशिबी तर मतपत्रिकासुद्धा नाही. मेडन २०२१ ला नॉमिनेट, २०२३ ला नॉमिनेट, दोन्ही वेळा बाहेर. मेटलच्याच जुडास प्रीस्टला २०२२ मध्ये घेतलं, पण तेही मुख्य गटातून नाही, 'म्युझिकल एक्सलन्स' नावाच्या बाजूच्या दाराने. प्रीस्टला बाजूचं दार! त्यांच्या गायकाने, रॉब हॅलफर्डने, ते हसत हसत स्वीकारलं, तो मोठा माणूस आहे. मी नाही.

हो, ऑलमन ब्रदर्सनेही त्याच सुमारास अमेरिकेत दोन गिटारी पुढे आणल्या होत्या, मान्य. ते १९९५ लाच आत गेले. मग? ड्युएन ऑलमन माझाही लाडका आहे. पण ज्या कलेसाठी अमेरिकेतल्यांना मान दिला, तीच कला इंग्लंड-आयर्लंडात करणाऱ्यांचं नावही घ्यायचं नाही, हा कुठला न्याय?

यांचा कारभार कसा चालतो तेही सांगतो, कारण पोरांना वाटतं की हे एखाद्या परीक्षेसारखं काहीतरी आहे. पहिलं रेकॉर्डिंग बाजारात येऊन पंचवीस वर्षं झाली की तुम्ही पात्र. मग एक छोटी समिती नावं काढते. समितीने नाव काढलंच नाही तर विषय संपला. ती नावं हजारभर मतदारांकडे जातात, त्यात आधी निवडले गेलेले कलाकार, इतिहासकार, धंद्यातली माणसं. आणि चाहत्यांची मतं? लाखो मतं पडोत, सगळी मिळून एक मतपत्रिका धरतात. एक! २०२० ला डेव्ह मॅथ्यूज बँड चाहत्यांच्या मतांत पहिला आला, तरी घेतलं नाही, २०२४ पर्यंत ताटकळत ठेवलं. २०२५ ला फिश नावाचा बँड पहिला आला, तोही बाहेरच. मग विचारता कशाला लोकांना? आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून बरी लोकशाही आहे, आणि आमच्या सोसायटीबद्दल माझं मत तुम्हाला माहीतच आहे.

या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक यान वेनर, 'रोलिंग स्टोन' मासिकाचा. त्याच मासिकात १९७० मध्ये युराया हीपच्या पहिल्या रेकॉर्डवर परीक्षण छापून आलं होतं. समीक्षिकेने लिहिलं होतं की हा बँड चालला तर मला आत्महत्या करावी लागेल. बँड चालला. पण ज्या टेबलावर ती तुच्छता शिजली, त्याच टेबलावरची माणसं पुढे 'कोण थोर' हे ठरवायला बसली. आणि २०२३ मध्ये या वेनरसाहेबांनी मुलाखतीत सांगितलं की काळे कलाकार आणि बायका माझ्या मुलाखतींच्या पुस्तकात नाहीत कारण त्या दर्जाचं त्यांना बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी हॉलच्या संचालक मंडळातून हकालपट्टी. चला, बरं झालं. पण त्याआधीची सगळी वर्षं? त्या वर्षांतल्या निवडी कोणाच्या चवीने झाल्या?

मी चिडलोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे लोक 'प्रभाव' मोजतात तो अमेरिकेतल्या रेडिओवरून. गाडीत बसून एफएमवर जे ऐकलं तेच जग. युराया हीपचं घ्या. डिसेंबर १९८७ मध्ये हा बँड मॉस्कोच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ओळीने दहा कार्यक्रम करून आला, पोलादी पडदा अजून शाबूत असताना. बल्गेरियात आजही ३० जूनच्या रात्री माणसं काळ्या समुद्राच्या काठावर जमतात आणि १ जुलैचा सूर्य उगवताना बघतात. या प्रथेचं नावच 'जुलै मॉर्निंग', हीपच्या गाण्यावरून. माझ्यासारख्या चाळीशी-पन्नाशीच्या किती लोकांना गिटार शिकताना 'लेडी इन ब्लॅक' आधी आलं, हात वर करा. दोन कॉर्ड, झालं. शिलाँगच्या माणसाला विचारा हीप कोण. तो तुम्हाला चहा पाजून तासभर बोलेल. एवढ्या सगळ्यांच्या कानांची किंमत शून्य?

जेथ्रो टल या इंग्लिश बँडचं नाव तर समितीने आजवर काढलेलंच नाही. त्यांच्या इयन अँडरसनने रॉकमध्ये बासरी पुढे आणली, एका पायावर उभं राहून वाजवली. २००८ मध्ये अनुष्का शंकरबरोबर त्यांचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता, नोव्हेंबरअखेरीस. मध्ये २६/११ झालं. दुसरा कोणी असता तर पहिल्या विमानाने घरी गेला असता आणि कोणी नावही ठेवलं नसतं. हे थांबले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच मुंबईत हल्ल्यातल्या पीडितांसाठी वाजवून मग गेले. यासाठी हॉल ऑफ फेममध्ये घ्या असं मी म्हणत नाही. रेकॉर्डसाठी घ्या. पण हे मी विसरणार नाही.

आता थिन लिझीचा गायक फिल लिनॉट. याच्याबद्दल लिहिताना आवाज आपोआप खाली येतो. आई आयरिश, बाप ब्रिटिश गयानाचा, पोर वाढलं डब्लिनच्या क्रमलिनमध्ये आजीजवळ. पन्नासच्या दशकातल्या डब्लिनमध्ये काळा मुलगा, विचार करा. त्याने त्याच शहराच्या दंतकथा, मारामाऱ्या, प्रेमभंग बास गिटार गळ्यात अडकवून असे सांगितले की अख्ख्या आयर्लंडने त्याला आपला म्हटलं. ४ जानेवारी १९८६ ला गेला, छत्तीस वर्षांचा. व्यसनाने खाल्ला. त्याच महिन्यात, जानेवारी १९८६ मध्येच, हॉल ऑफ फेमचा पहिला सोहळा झाला. डब्लिनने २००५ मध्ये हॅरी स्ट्रीटवर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा केला. पुतळा उभारायला त्यांना कोणाच्या मतपत्रिका लागल्या नाहीत.

मामाकडे थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'ची कॅसेट होती. लिनॉट काळा होता हे मामाला कव्हरवरून कळलं, तेव्हा तो उगाच खूश झाला होता. "आपल्यातलाच दिसतोय," म्हणाला. दर्यावर्दी माणूस, बंदराबंदरात त्याला कोण कसं वागवायचं हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. त्या एका वाक्यात मला थोडं कळलं.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत बीकेसीला आले तेव्हा मी मामाला घेऊन गेलो होतो. निवृत्त झालेला, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात कापसाचे बोळे. आजूबाजूला काळ्या टीशर्टातली पोरं "अंकल, पुढे या" म्हणून वाट करून देत होती. मेडनमध्ये १९९९ पासून गिटारवाले तीन. 'द ट्रूपर' सुरू झालं आणि मामा माझ्या कानात ओरडला, "तिघं झाले रे!" ओळख पटली होती त्याला. पडवीत ऐकलेल्या दोघांचं खानदान तो समोर बघत होता. त्याला कोणी कधी वंशावळ शिकवली नव्हती. आणि क्लीव्हलंडच्या समितीला, ज्यांचं कामच ते आहे, त्यांना ती दिसत नाही.

"त्यांचं म्युझियम, त्यांचे नियम, तुला काय करायचंय?" असं कोणीतरी लिहिणारच. ठीक आहे. मग पाटी लावा, 'अमेरिकन रेडिओ हॉल ऑफ फेम'. मी एक शब्द बोलणार नाही. पण 'रॉक अँड रोल' म्हणून जगाला दाखवायचं, आणि मग घरचंच पोर तिथे जाऊन आजोबांच्या बँडना "एवढे मोठे नसणार" म्हणतं. हे दुखतं. मेडनच्या ब्रूस डिकिन्सनने त्या हॉलला जाहीर शिव्या घातल्यात, सेक्स पिस्टल्सने २००६ ला अपमानकारक चिठ्ठी पाठवून पाठ फिरवली. त्यांना परवडतं. विशबोन ॲशच्या अँडी पॉवेलला अजून गावोगाव छोट्या हॉलमध्ये वाजवावं लागतं.

काही गोष्टी ते बऱ्या करतात, नाही असं नाही. ८ नोव्हेंबर २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा सोहळा झाला, त्यात निकी हॉपकिन्सचा सन्मान झाला. स्टोन्स, किंक्स, द हू, सगळ्यांच्या रेकॉर्डवर पियानो वाजवलेला माणूस. उत्तम. फक्त तो १९९४ मध्येच गेलाय. गायक जो कॉकर २०१४ मध्ये गेला, २०२५ ला आत. बॅड कंपनीही २०२५ लाच आत, आणि त्यांचा गिटारवाला मिक राल्फ्स निवड जाहीर झाल्यावर सोहळ्याच्या आधी जूनमध्ये गेला. कॅरल के ही बास वाजवणारी बाई जिवंत आहे, तर तिने सांगितलं, मी येणार नाही. शाब्बास बाई. माणसं हयात असताना द्या ना! युराया हीपचे डेव्हिड बायरन, केन हेन्स्ली, ली कर्सलेक गेले. त्यांचा गिटारवाला मिक बॉक्स एकटा खिंड लढवतोय.

दुपारी मामाला फोन केला. ऐकू कमी येतं आता, ओरडून सगळं सांगितलं. हॉल, समिती, मतपत्रिका, नातवाचा मेसेज. तो म्हणाला, "आत घेतलं की पेन्शन देतात काय?" नाही म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे."

त्याचं राहू दे. मी सोडणार नाही. नातवाला 'आर्गस'ची लिंक पाठवली आहे, खाली लिहिलंय की हेडफोन लावून ऐक, डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण ते सांग, मग मोठे-छोटेचं बोलू. अजून दोन निळ्या टिका नाहीत.

तुमच्या मते बाहेर राहिलेले कोण, कमेंटमध्ये टाका. रोरी गॅलाघर मी गृहीत धरलाय, भांडू नका. मोटरहेडही. आणि कृपा करून डायर स्ट्रेट्स लिहू नका, ते २०१८ मध्येच आत गेलेत. मार्क नॉफ्लर तिकडे फिरकलासुद्धा नव्हता.