येताना तीन बाटल्या आण

अमेरिकेतून मायदेशी जायची तारीख ठरली की नातेवाइकांच्या मागण्यांची यादी तयार होऊ लागते, आणि गेल्या काही वर्षांत त्या यादीतून अत्तरे आणि चॉकलेटे मागे पडून पूरक गोळ्यांच्या बाटल्या वर सरकल्या आहेत. यंदा नुकतीच साठी ओलांडलेल्या माझ्या आतेभावाने व्हिडिओ कॉलवर एक संपत आलेली बाटली कॅमेऱ्याला अगदी चिकटवून धरली. ‘‘दादा, हीच. येताना तीन बाटल्या आण. तिकडची म्हणजे खात्रीची.’’ लेबलावर मोठ्या अक्षरांत ‘प्रोस्टेटच्या आरोग्यासाठी’ असे छापले होते. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. त्याखाली सेलेनियम हे खनिज 200 मायक्रोग्रॅम, ई जीवनसत्त्व 400 आययू (जीवनसत्त्वे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक), शिवाय जस्त आणि लायकोपिन. मी त्याला बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचायला सांगितली. चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला, मग त्याने सावकाश वाचले: या विधानाची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केलेली नाही, कोणत्याही रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी हे उत्पादन नाही.

हा मजकूर छापणे अमेरिकेत 1994 च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याच कायद्यामुळे अशी गोळी विक्रीला आणण्यापूर्वी ती उपयोगी असल्याचे सिद्ध करून दाखवावे लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती औषधात नव्हे, अन्नात मोडते. ‘तिकडची म्हणजे खात्रीची’ हा समज इथल्या औषधांच्या बाबतीत बराचसा खरा असला, तरी तो शेजारच्या फळीवरच्या बाटल्यांना आपसूक चिकटतो, आणि विकणाऱ्यांची त्याला अर्थातच हरकत नसते.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर या विषयाचे दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते प्रोस्टेटचा कर्करोग हा श्रीमंत देशांच्या ताटातून आलेला रोग आहे. आपले पूर्वज जे खात होते त्यात तो होण्याचे कारणच नव्हते. दुसरा पक्ष आधुनिक आहे. त्याला घटकाचे नाव, मात्रा आणि कॅप्सूल हवी असते. दोघे एकमेकांना अडाणी ठरवत असले, तरी परदेशातून हा वाद वाचताना मला त्यांचे एका बाबतीत पूर्ण एकमत दिसते, ते असे की आहारातील एखादा घटक तारक किंवा मारक असतो आणि तो हुडकून वाढवला किंवा वगळला की काम झाले. माझी हरकत या एकमतालाच आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे निराधार नाही. स्थलांतरित हे या प्रश्नातले जुने साक्षीदार आहेत. जपानहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या पुरुषांत या कर्करोगाचे प्रमाण मायदेशातल्या पुरुषांपेक्षा वाढलेले आढळले, पण ते अमेरिकी गोऱ्या पुरुषांइतके झाले नाही. आणि ही वाढ रक्तातील पीएसएची (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची) चाचणी प्रचारात येण्यापूर्वीही नोंदली गेली होती. माणसे तीच, आनुवंशिकता तीच, तेव्हा बदललेल्या राहणीमानाचा काहीतरी वाटा असणार, हे मान्य करावेच लागते. मात्र तो वाटा कोणाचा? परदेशी आलेल्या माणसाचे ताट बदलते, तसे वजन बदलते, चालणे कमी होते, आणि डॉक्टरांकडे जाण्याची वारंवारताही बदलते. अमेरिकेत पीएसए चाचणी सरसकट होऊ लागली तसे निदानांचे आकडे झपाट्याने चढले आणि 1992 च्या सुमारास शिखराला पोहोचले. त्या काही वर्षांत इथल्या पुरुषांचा आहार एवढा बिघडला असे कोणी म्हणणार नाही. वेगळ्या कारणाने मरण पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमधील लहान, कधीच त्रास न दिलेल्या गाठी मोठ्या संख्येने सापडतात. अशा गाठी जिथे शोधल्या जातात तिथे रोग जास्त दिसतो. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून ‘बघा, हे खाण्यामुळे’ असे म्हणण्याआधी कोणाची तपासणी किती झाली हे विचारायला हवे.

दुसऱ्या पक्षाची गोष्ट अधिक विलक्षण आहे, कारण त्यांच्या आशेची परीक्षा खरोखरच घेतली गेली. ही आशा दोन जुन्या चाचण्यांमधून उगवली होती. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर फुप्फुसाचा कर्करोग टळतो का हे पाहण्यासाठी एक चाचणी झाली. त्यात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगाचा प्रतिबंध होतो का हे पाहण्यासाठी 1,312 जणांवर सेलेनियमची चाचणी झाली. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्वचेला फायदा दिसला नाही, पण प्रोस्टेटचा कर्करोग निम्म्याहून कमी झालेला दिसला. दोन्ही फायदे असे वाटेत सापडलेले होते, ज्यासाठी शोध सुरू झाला होता ते नव्हते. एवढ्यावर गोळ्यांचा धंदा सुरू झाला. शास्त्रज्ञांनी मात्र रीतसर चाचणी आखली.

‘सिलेक्ट’ या नावाने ओळखली जाणारी ती चाचणी 2001 मध्ये सुरू झाली. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको येथील 35,000 हून अधिक निरोगी पुरुषांना सेलेनियम, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निव्वळ निष्क्रिय गोळी अशा चार गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटण्यात आले, आणि कोणाला काय मिळते हे घेणाऱ्याला वा देणाऱ्याला ठाऊक नव्हते. मात्रा नेमक्या त्याच, 200 मायक्रोग्रॅम आणि 400 आययू, ज्या माझ्या आतेभावाच्या बाटलीवर आजही छापलेल्या आहेत. फायद्याचे चिन्ह दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. त्यानंतरही सहभागींवर लक्ष ठेवले गेले, आणि 2011 मध्ये जे प्रसिद्ध झाले ते कोणाच्याच अपेक्षेत नव्हते: निष्क्रिय गोळी घेणाऱ्या हजार पुरुषांमागे सात वर्षांत 65 जणांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला, तर केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्या हजारांमागे 76 जणांना. रोग टाळण्यासाठी घेतलेल्या गोळीने तो वाढवला होता.

2014 मध्ये याच सहभागींच्या नखांमधून, चाचणी सुरू होतेवेळी त्यांच्या शरीरात सेलेनियम किती होते, हे तपासले गेले. ज्यांच्या शरीरात ते आधीच भरपूर होते त्यांना वरून सेलेनियम दिल्यावर आक्रमक प्रकारच्या कर्करोगाचा धोका जवळपास दुप्पट झालेला आढळला. ई जीवनसत्त्वाची हानी मात्र सेलेनियम कमी असलेल्यांत दिसली. म्हणजे ‘सेलेनियम चांगले की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. शरीराला ते काही विशिष्ट प्रथिने बनवण्यापुरते लागते. ती गरज भागली की उरलेला साठा उपकार करील असे मानायला आधार नाही. शिवाय धान्यात ते किती येईल हे ज्या मातीत ते पिकले तिच्यावर अवलंबून असते, त्यामुळे दोन प्रदेशांतली माणसे एकच पदार्थ तेवढाच खाऊनही सारखी नसतात. फॉरवर्ड केलेल्या संदेशात या मातीचा उल्लेख मी अद्याप पाहिलेला नाही.

लायकोपिनची कहाणी थोडक्यात सांगतो. टोमॅटोला लाल रंग देणारे हे द्रव्य शिजवल्यावर आणि स्निग्ध पदार्थासोबत अधिक शोषले जाते. 1995 मध्ये आरोग्यक्षेत्रातील अमेरिकी पुरुषांच्या मोठ्या पाहणीत टोमॅटो जास्त खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी दिसला, पण पुढील सर्व पाहण्यांनी त्याला दुजोरा दिला नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीने 2007 मध्ये लायकोपिन आणि सेलेनियम असलेले अन्न ‘बहुधा’ संरक्षक मानले होते, आणि 2014 मध्ये पुरावा अपुरा म्हणून ते मत मागे घेतले. संस्थेने स्वतःचे म्हणणे असे उघडपणे मागे घेणे मला आवडते. आमच्या गटावर आजवर एकही संदेश कोणी मागे घेतलेला नाही. टोमॅटो जरूर खावा, तो अन्न म्हणून चांगलाच आहे. त्याला औषधाची पदवी देण्याचे कारण दिसत नाही.

दुधाबाबत मी अधिक सावध आहे. खूप जास्त कॅल्शियम आणि दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढलेला काही पाहण्यांत दिसतो, आणि पुरावा मर्यादित असला तरी तो झटकून टाकावा असा नाही. पण हेच पदार्थ मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी करतात असे बऱ्यापैकी भक्कमपणे दिसून आले आहे. एकाच पेल्याचे दोन अवयवांवर दोन परिणाम संभवत असतील, तर ‘दूध विष आहे’ आणि ‘दूध अमृत आहे’ या दोन्ही घोषणा निरुपयोगी ठरतात. फॉलिक आम्ल या ब गटातील जीवनसत्त्वाचेही तसेच: आतड्यातील गाठी रोखण्यासाठीच्या एका चाचणीत 643 पुरुषांपैकी रोज एक मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत दहा वर्षांच्या अंदाजाने 9.7 टक्क्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत 3.3 टक्क्यांना. चाचणी लहान होती, म्हणून हा आकडा अंतिम मानू नये, पण भाजीतून येणारे फोलेट आणि गोळीतले फॉलिक आम्ल यांना एकच समजण्याचा भाबडेपणा तरी त्याने जावा. ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 यांची 25,871 जणांवरची चाचणीही 2018 मध्ये कर्करोग रोखण्याच्या बाबतीत रिकाम्या हाताने परतली.

मग आहाराचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो कुठल्याही बाटलीत मावत नाही. ज्या निधीने लायकोपिनवरचे मत मागे घेतले, त्यानेच 2014 मध्ये शरीरातील जादा चरबीमुळे प्रगत अवस्थेतील प्रोस्टेट कर्करोगाचा धोका बहुधा वाढतो, असा निष्कर्ष दिला. इथे माणसाला खरोखर मारणारा रोग आणि केवळ तपासणीत सापडणारा रोग यांतील भेद आपोआप पाळला जातो, म्हणून मला हा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. घरच्या वादात तो कोणी मांडत नाही, कारण त्यात पूर्वजांचा गौरवही नाही आणि मागवण्याजोगी वस्तूही नाही.

हे सगळे मी आतेभावाला सांगितले, अर्थात एवढे लांबवून नाही. नंतर त्याला विचारले की आतोबांचे शेवटचे आजारपण कशाचे होते. ‘‘प्रोस्टेटचंच. कर्करोग होता ना त्यांना.’’ मी अमेरिकेत पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पहिल्याच पानावर वडील आणि भाऊ यांच्या आजारांचे रकाने होते; वडिलांना किंवा भावाला हा रोग झालेला असेल तर स्वतःचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. तीन वर्षे दोन-दोन गोळ्या घेणाऱ्या माझ्या आतेभावाने ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना सांगितलेली नव्हती, कारण त्यांनी विचारले नव्हते. पीएसए करावी की नाही, कधीपासून आणि किती वर्षांनी, हे त्यांच्याशी बोलून ठरवण्याचे त्याने कबूल केले आहे. ‘‘उद्याच जातो,’’ तो म्हणाला, आणि जरा थांबून, ‘‘पण बाटल्यांचं काय?’’ एकही आणणार नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याने पाठवलेल्या यादीत ती ओळ अजून आहे. फक्त तीनच्या दोन झाल्या आहेत.