बायोप्सी रद्द करू नका, मामी

मामींनी पाठवलेला फॉरवर्ड थोडक्यात असा: ‘हाडाच्या कॅन्सरला सुई लागली की तो पसरतो. हात शेवटी कापतातच. पायाचं हाड हातात बसवणं हा धंदा आहे, माणूस लंगडा होतो. त्यापेक्षा तेल चोळा, लेप लावा.’ खाली मामींचा प्रश्न, हाताच्या हाडातल्या गाठीच्या बायोप्सीबद्दल, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याबद्दल: ‘बायोप्सी रद्द करायला सांगू का?’ अजिबात नाही.

जिवावर बेतणारा मुद्दा सुईचा, म्हणून आधी तो. ऑस्टिओसार्कोमा, युइंग सार्कोमा (हे दोन हाडाचे कॅन्सर) की हाडातला जंतुसंसर्ग, हे नुसत्या एक्स-रेवरून पक्कं ठरत नाही आणि तिन्हींचे उपचार वेगळे. मनगटाजवळ रेडियसमध्ये, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडात, होणारी जायंट सेल ट्यूमर ही गाठ तर सहसा कॅन्सरही नसते. मग केमो कशावर द्यायची, अंदाजावर?

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य. सुईच्या वाटेवर गाठीच्या पेशी राहू शकतात. म्हणून आधी एमआरआय काढतात, मोठ्या ऑपरेशनचा छेद जिथून जाणार त्याच रेषेवर सुई घालतात आणि नंतर ती वाट कातडीपासून हाडापर्यंत गाठीसकट काढून टाकतात. कोणी घाईने मनगटावर आडवा छेद घेतला, तर आजूबाजूच्या कंडरा आणि नसांपर्यंत पेशी पोचतात आणि वाचू शकणारा हात जातो. हाडांच्या गाठींचे सर्जन मॅन्किन यांनी 1996 मध्ये 597 रुग्णांचा अभ्यास मांडला. उपचार-केंद्राऐवजी बाहेर बायोप्सी झाली, तिथे चुका आणि गुंतागुंत 2 ते 12 पट आढळली. म्हणजे बायोप्सी हवीच, फक्त ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच करावी, किंवा त्यांना विचारून. आणि गंमत बघा, एका सुईला घाबरणारा हा मेसेज तीच गाठ रोज चोळायला सांगतो! पोखरलेलं हाड मालिशीने मोडू शकतं, आणि मोडलं की रक्तासोबत पेशी आसपास पसरतात.

‘हात कापतातच’ हे जुनं झालं. मुख्य नसा आणि रक्तवाहिन्या गाठीत अडकल्या असतील तर कापावा लागतो, एरवी बहुतेकदा वाचतो. ऑस्टिओसार्कोमात साधारण 10 आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. अल्नाचं, म्हणजे रेडियसशेजारच्या करंगळीकडच्या हाडाचं, मनगटाकडचं टोक काढलं तर कित्येकदा तिथे दुसरं हाड बसवावंही लागत नाही.

राहिलं काढलेल्या हाडाच्या जागी बसवायचं पायाचं हाड. ते म्हणजे फिब्युला, नडगीच्या बाहेरचं बारीक हाड. शरीराचा बहुतेक भार नडगीचं जाड हाड पेलतं. घोटा डळमळू नये म्हणून फिब्युलाचा खालचा 6 ते 8 सेंमी भाग ठेवतात. खरा धोका गुडघ्याजवळ. फिब्युलाच्या डोक्याला वळसा घालून जाणारी नस दुखावली तर पाऊल लोंबतं. रेडियसच्या मनगटाकडच्या टोकाऐवजी बसवायला ते डोकं घेतलं, तर तिथला गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) पुन्हा शिवावा लागतो.

हाड रक्तवाहिनीसकट आणलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती हातातल्या धमनीला आणि शिरांना जोडतात. मग हाड जिवंत राहतं आणि लवकर जुळतं. रक्तपुरवठ्याविना बसवलेलं हाड हळूहळू नव्याने भरत जातं, तोवर मोडण्याची भीती. दोन्ही टोकांना प्लेट-स्क्रू असतात. बसवलेल्या हाडाचा जोड जुळला नाही, तर कमरेचं हाड घालून पुन्हा ऑपरेशन. मनगट कायमचं जोडून टाकलं तर ते वाकत नाही, पण बोटं चालतात, पकडही बऱ्यापैकी राहते. तळहात उताणा-पालथा किती होईल, हे मात्र ऑपरेशनआधीच सर्जनला विचारून घ्या.