पाच ग्रॅमचा संसार

बीपी १५०-९६ निघालं आणि डॉक्टर म्हणाले, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, डब्ल्यूएचओ पण तेच सांगते. मी म्हटलं त्यात काय, मी वरून मीठ घेतच नाही. हे हिच्यासमोर बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर करंड्याएवढी वाटी, त्यात चमचाभर मीठ, सुरीने सपाट केलेलं. "हे तुमचं आजचं. आमटी, भाजी, कणीक, सगळं यातूनच." आणि बाहेरचं काही तोंडात टाकलं की तेवढं मीठ वाटीतून परत बरणीत!

पोह्यांवर मूठभर फरसाण घेतलं तर लगेच पाकीट तपासलं गेलं. त्यावर मीठ लिहीतच नाहीत, सोडियम लिहितात. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम. मी खूश, ग्रॅमभर पण नाही! तेवढ्यात मुलगी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, मीठ काढायला अडीचने गुणायचं." म्हणजे दोन ग्रॅम. फीचे पैसे भरून शिकवलेली पोर अशी उलटते. दुपारी पापड मोडला, तर म्हणे त्यात मीठ आहेच पण पापडखार पण सोडियमचाच. पाव घेतला, त्यातही मीठ, गोडसर लागतो तरी! चार वाजता वाटीचा तळ दिसला आणि रात्रीची आमटी अशी अळणी की कुणाच्या तरी आजारपणाला गेल्यासारखं वाटलं.

आईचा माझ्यावर जीव. म्हणाली सैंधव घाल, उपासाला चालतं ते. डॉक्टरांना विचारलं तर तेही सोडियम क्लोराइडच, फक्त गुलाबी. कमी सोडियमचं मीठ आणू म्हटलं तर त्यात पोटॅशियम असतं, आणि माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, जरा वर, म्हणून तेही कॅन्सल.

मग रात्री अकराला, अंधारात, लोणच्याची बरणी. फोड नाही हो घेतली, नुसतं बोट बुडवलं खारात. लाईट लागला. हिने काही न बोलता उद्याच्या वाटीतून अर्धा चमचा काढून घेतला. उद्याच्या!

सकाळी माझं उतरलेलं तोंड बघून आई म्हणाली कुणाची तरी नजर लागलीय पोराला, आणि मीठ-मोहऱ्यांची मूठ घेऊन दृष्ट काढायला बसली. तीन फेऱ्या झाल्या असतील, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, किती घेतलंत?"