प्लग काढला म्हणून मॉनिटर सेफ होत नाही

जुना मॉनिटर घरच्या घरी साफ आणि रिपेअर करा असा एक मेसेज सगळीकडे फॉरवर्ड होतोय. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मग आत कसलाच धोका नाही, शंका असेल तर कपॅसिटरला (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाला) स्क्रू ड्रायव्हर लावून शॉर्ट करा, स्क्रीनवर काच पुसायचा स्प्रे मारा, फुगलेल्या कपॅसिटरच्या जागी मोठा टाका, फ्यूज उडाला असेल तर तार लावा. जुना मॉनिटर लगेच फेकू नका असंही त्यात आहे आणि तेवढं मला मनापासून पटतं, पण बाकीचं वाचून खरंच काळजी वाटली म्हणून एकेक मुद्दा घेतोय.

"पाच मिनिटात करंट संपतो." सगळ्यात घातक मुद्दा हाच. २३० व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला, म्हणजे त्याचा डीसी झाला की पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतो. सप्लाय धड असेल तर प्लग काढल्यावर तो बऱ्यापैकी लवकर उतरतो, पण मॉनिटर बंद पडलाय म्हणूनच तर तुम्ही तो उघडताय ना, आणि सप्लायच चालत नसेल तर तो चार्ज ओढणारं पुढे काही नसतं, तो तसाच बसून राहू शकतो. म्हणजे चालू मॉनिटरपेक्षा बिघडलेल्यात धोका जास्त. त्यामुळे घड्याळ बघून ठरवू नका, मल्टिमीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून कपॅसिटरच्या दोन पायांमध्ये मोजा.

आणि जुना, मागे पोट असलेला सीआरटी मॉनिटर असेल तर हे मोजणंही पुरत नाही. कलर पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे तिच्या हाय व्होल्टेजच्या टोकावर, २० ते ३० हजार व्होल्ट असतात आणि ती काचेची ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी चार्ज धरून ठेवते. काही मॉनिटरमध्ये तो उतरवायला रेझिस्टर असतो पण तो जळलेला असेल तर बाहेरून कळत नाही, आणि साधा मल्टिमीटर ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतचा, तो तिथे लावायचाच नाही. एकदा डिस्चार्ज केल्यावरही थोडा चार्ज परत वर येतो, म्हणून जाणकार लोक दोनदा तीनदा करतात. वर ट्यूबच्या आत व्हॅक्यूम, मागची मान नाजूक, ती फुटली तर काचा उडतात. ज्याला हे काम येतं त्याच्या शेजारी बसून शिकला नसाल तर सीआरटीचं मागचं कव्हर काढूच नका, बाहेरून धूळ पुसा, बस.

"स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करा." नको. मोठी ठिणगी पडते, टोक वितळतं, बोर्डचा ट्रॅक उडू शकतो, हात दचकून दुसरीकडे लागतो ते वेगळंच. सप्लायच्या कपॅसिटरला २ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने दहा सेकंद लावा आणि मग परत मोजा. हे फक्त सप्लायच्या कपॅसिटरसाठी, ट्यूबसाठी नाही.

"एलसीडीत हाय व्होल्टेज नसतंच." अर्धवट माहिती. सप्लाय आतच असेल तर वरचे ३२५ व्होल्ट तिथेही आहेत. जुन्या एलसीडीत बॅकलाइटला (स्क्रीनमागच्या उजेडाला) सीसीएफएल म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूब असते, तिला वीज देणारा इन्व्हर्टर ती पेटवताना हजार व्होल्टच्या वर जातो, आणि त्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो म्हणून ती फोडायची नाही. बाहेर वेगळा ॲडॅप्टर असलेला एलईडी बॅकलाइटचा मॉनिटर त्यामानाने खूपच सोपा.

"काचेचा स्प्रे मारा." एलसीडीचा वरचा थर काच नसून प्लास्टिकची पोलरायझर फिल्म (प्रकाश गाळणारा पातळ थर) असते. अमोनिया आणि ॲसिटोनने ती किंवा तिच्यावरचं कोटिंग कायमचं खराब होतं. स्प्रे थेट मारला की पाणी ओघळून खालच्या फ्रेममध्ये शिरतं आणि पॅनलच्या कडेची कनेक्शन बिघडली की स्क्रीनवर रेषा येतात, त्या पुसून जात नाहीत. मॉनिटर बंद आणि थंड असताना मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करा आणि न दाबता पुसा.

"मोठा कपॅसिटर टाका." फुगलेले कपॅसिटर बदलून कितीतरी एलसीडी खरंच चालू होतात, इथे मेसेजची दिशा बरोबर आहे. पण मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त चालेल, १०५ डिग्रीचा लो ईएसआरवाला (आतला रोध कमी असलेला) घ्या, काढायच्या आधी फोटो काढा आणि मायनसची पट्टी बघूनच बसवा, उलटा लागला तर फुटतो.

"फ्यूजला तार लावा." अजिबात नाही. सप्लायचा फ्यूज उडाला म्हणजे बहुतेकदा पुढे ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) नाहीतर मॉसफेट (सप्लायमधला स्विचसारखा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेला असतो, तार लावली की तोच बिघाड आगीपर्यंत जाऊ शकतो. आधी ते दोन्ही मीटरने तपासा, बदला, आणि मग त्याच रेटिंगचा, त्याच प्रकारचा फ्यूज टाका.