‘शिक्का मारून या आणि पुन्हा राहा’: थायलंडच्या व्हिसाबद्दल फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे सार असे: थायलंडसाठी भारतीयांना आता व्हिसा लागत नाही, 60 दिवस राहा, तिथेच 30 दिवस वाढवून घ्या, मग कंबोडियाच्या सीमेवर जाऊन पासपोर्टवर शिक्का मारून आणा आणि पुन्हा 60 दिवस राहा, मुदत उलटली तरी फक्त दंड भरावा लागतो, लॅपटॉपवर काम करा, कर कुठेच नाही, आणि नाहीच जमले तर तिथे नोकऱ्या भरपूर आहेत. शेवटी ‘असे पाच-दहा वर्षे आरामात राहता येते’ हे ठासून सांगितलेले आहे. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केले होते. पण धुळ्याला देवपुरात खोली घेऊन पुण्याच्या एका कंपनीचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याने तो खरा मानून खोली सोडण्याची भाषा सुरू केली, आणि शहाद्याला पपईची बाग सांभाळणाऱ्या त्याच्या वडिलांनीही पैशांची जुळवाजुळव आरंभली, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

जे खरे आहे ते आधी मान्य करून टाकतो. थायलंडने 10 नोव्हेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना 30 दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला, आणि 15 जुलै 2024 पासून ती मुदत 60 दिवस केली. 1,900 बाट (बाट हे थायलंडचे चलन) शुल्क भरून इमिग्रेशन कार्यालयातून आणखी 30 दिवस मागता येतात, हेही खरे. मात्र ही सवलत पर्यटन वाढावे म्हणून दिलेली आहे, वास्तव्यासाठी नव्हे. आणि ती पुन्हा आखडती घेण्याचा विचार तिथल्या सरकारने 2025 मध्येच बोलून दाखवला होता. त्यामुळे अशा सवलतीच्या भरवशावर पाच-दहा वर्षांचा बेत आखणाऱ्याने तिकीट काढण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम तरी वाचावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

कंबोडियाच्या सीमेची गोष्ट मात्र हास्यास्पद आहे. दोन्ही देशांत सीमावाद पेटल्यामुळे थायलंडने जून 2025 मध्येच कंबोडियाकडचे रस्ते प्रवाशांसाठी बंद केले, आणि जुलैत तिथे तोफा चालल्या. ज्याने हा संदेश लिहिला त्याने वर्तमानपत्रही उघडलेले दिसत नाही. सीमा उघडी असती तरी जमिनीच्या मार्गाने व्हिसामुक्त प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो, हा नियम 31 डिसेंबर 2016 पासून आहे. विमानाने आल्यास आकडा ठरलेला नसला, तरी नोव्हेंबर 2025 मध्ये थायलंडच्या इमिग्रेशन विभागाने सांगून टाकले की, सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त वेळा असे बाहेर जाऊन परतणाऱ्यांना प्रवेश नाकारला जाईल. म्हणजे बँकॉकच्या विमानतळावर उतरल्यावर खिडकीतला अधिकारी पासपोर्टची पाने उलटून ‘इतके दिवस काय करत होता?’ असे विचारणार, आणि उत्तर पटले नाही तर तुमच्याच खर्चाने तुम्हाला परत पाठवणार.

आता सर्वांत घातक मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे ‘फक्त दंड’. याला आमच्याकडे लगेच पसंती मिळाली, कारण ‘दंड भरी दिसूत’ (दंड भरून देऊ) म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला 500 बाट आणि कमाल 20,000 बाट, म्हणजे आपल्या पन्नास हजारांहून अधिक रुपये, एवढा दंड आहे, हे संदेशात बरोबर दिले आहे. आणि नेमके त्यापुढचे गाळले आहे. थायलंडच्या 1979 च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम 81 उघडून पाहावे. परवानगी संपल्यानंतर देशात राहणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 20,000 बाटपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, असे त्यात स्पष्ट आहे. विमानतळावर दंड घेऊन सोडून देतात ते स्वतःहून देश सोडून निघालेल्याला, आणि त्यातही मार्च 2016 पासून पुनर्प्रवेशबंदीचे कोष्टक जोडलेले आहे. 90 दिवसांहून अधिक काळ मुदतबाह्य राहून स्वतःहून निघालात तर एक वर्ष बंदी, एक वर्षाहून अधिक असेल तर तीन वर्षे, तीन वर्षांहून अधिक असेल तर पाच, आणि पाच वर्षांहून अधिक असेल तर दहा. पण रस्त्यावरच्या तपासणीत, खोलीवर किंवा आणखी कुठे पोलिसांनी पकडले, तर एक वर्षापेक्षा कमी, अगदी थोडक्या दिवसांच्या मुदतभंगालाही पाच वर्षे बंदी आहे, आणि त्याहून जास्त असेल तर दहा वर्षे. शिवाय विमानाची व्यवस्था होईपर्यंत इमिग्रेशनच्या कोठडीत बसून राहावे लागते.

‘कोणाला कळणार?’ असेही संदेशात सूचित केले आहे. परदेशी माणूस मुक्कामाला आला की हॉटेलवाल्याने किंवा घरमालकाने 24 तासांच्या आत त्याची माहिती इमिग्रेशनला कळवायची असते, आणि मे 2025 पासून येण्याआधीच ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. तुम्ही कोणत्या दिवशी आलात आणि मुदत कधी संपते, हे खिडकीतल्या पडद्यावर तुमच्याआधी दिसते.

लॅपटॉपवरच्या कामाचा आणि कराचा मुद्दा थोडक्यात उरकतो. एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस थायलंडमध्ये राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी ठरता, आणि 2024 पासून परदेशातले उत्पन्न तिथे आणले तर त्यावर कर लागतो. आणि पुण्याच्या कंपनीचा पगार इथल्या बँकेत जमा होत असेल तर तुम्ही फुकेतला असलात काय किंवा साक्रीला असलात काय, तो भारतात मिळालेले उत्पन्न म्हणून इथे करपात्रच आहे. तिथल्या एखाद्या हॉटेलात किंवा दुकानात वर्क परमिटशिवाय काम केले तर 5,000 ते 50,000 बाट दंड आणि हद्दपारी आहे.

‘नोकऱ्या भरपूर’ या वाक्यावर मात्र हसता येत नाही. बँकॉकच्या नोकरीचे आमिष दाखवून, पर्यटक म्हणून नेलेल्या शेकडो भारतीय मुलांना थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत गावामार्गे म्यानमारच्या म्यावड्डी भागात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेऊन बसवले गेले. त्यांतल्या 549 जणांना मार्च 2025 मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून परत आणावे लागले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा तसेच करावे लागले. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा उल्लेख असतो. त्यांना ज्या 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी लागते, त्यांत थायलंडही आहे. पर्यटक म्हणून निघाल्यावर ही मंजुरी, विमा आणि मालकाची पडताळणी, सगळेच मागे राहते, आणि एजंटाला नेमके तेच हवे असते.

युरोपलाही हीच युक्ती चालते, अशी एक ओळ खाली चिकटवलेली आहे. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांचीच मर्यादा आहे, आणि ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणक दिवस मोजू लागला आहे. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

भाच्यासारख्यांसाठी सरळ मार्ग आहे, पण तो या संदेशात नाही, कारण त्याला पैसे आणि कागद लागतात. जुलै 2024 पासून थायलंडने ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला आहे. तो पाच वर्षे चालतो, प्रत्येक प्रवेशाला 180 दिवस राहता येते, आणि थायलंडबाहेरच्या कंपनीचे काम तिथे बसून करता येते. त्यासाठी वय 20 वर्षे पूर्ण हवे, 5 लाख बाट, म्हणजे 13 लाख रुपयांहून अधिक शिल्लक दाखवावी लागते, कंपनीचे पत्र लागते, आणि अर्ज थायलंडच्या बाहेर असतानाच ऑनलाइन करावा लागतो. एवढी शिल्लक त्याच्या खात्यात आज नाही. कंपनीकडे त्याने पत्र मागितले आहे. ते येईपर्यंत आणि शिलकीचे जमेपर्यंत देवपुरातली खोली सोडू नये, असे मी त्याला आणि दाजींना दोघांनाही स्पष्ट सांगितले आहे.