ॲना मुझिचुकच्या नावाने फिरणारा निरोप आणि खरी हकिकत

गेली काही वर्षे एक निरोप दर सहा-आठ महिन्यांनी व्हॉट्सॲपवर नव्याने उगवतो, आणि प्रत्येक वेळी तो ‘आजची बातमी’ म्हणूनच येतो. त्याचा आशय असा की, युक्रेनची ग्रँडमास्टर ॲना मुझिचुक हिने सौदी अरेबियात बुरखा घालण्यास नकार दिल्यामुळे तिची दोन विश्वविजेतेपदे काढून घेण्यात आली; तिने आयुष्यात कधीही डोक्यावर फडका घेतला नाही; तिची कारकीर्द संपली, पण मान झुकली नाही; आणि आपल्या मुली मात्र पैशासाठी मुकाट्याने डोके झाकून खेळतात. या खेपेला हा निरोप माझ्या भाचीला तिच्या आजीनेच पाठवला. भाची बुद्धिबळ खेळते. भारताची ग्रँडमास्टर हरिका द्रोणावल्ली डोके झाकून खेळली होती, म्हणून तिने मला विचारले, ‘मग हरिका भित्री होती का?’ त्यानंतर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

‘आजची बातमी’ हा दावा एका वाक्यात निकालात निघतो. रियाध येथील जागतिक जलद आणि अतिजलद बुद्धिबळ स्पर्धा २६ ते ३० डिसेंबर २०१७ या काळात झाली, आणि ॲनाने आपला निर्णय त्याच वर्षी नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये फेसबुकवर स्वतः लिहून जाहीर केला होता.

पदे ‘काढून घेतली’ हेही खरे नाही. डिसेंबर २०१६ मध्ये दोहा येथे तिने जलद आणि अतिजलद अशी दोन्ही विजेतेपदे जिंकली होती. ही पदे पुढच्या स्पर्धेपर्यंतच असतात. जो खेळायला येणार नाही त्याचे पद आपोआप दुसऱ्याकडे जाते. रियाधमध्ये जलद प्रकारात चीनची जू वेनजुन आणि अतिजलद प्रकारात जॉर्जियाची नाना झाग्निद्झे जिंकली. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, ॲनाला कोणतीही शिक्षा केली नव्हती. मात्र आपण दोन जागतिक पदे एकापाठोपाठ एक गमावणार आहोत, असे तिनेच लिहिले होते, तेव्हा निरोप लिहिणाऱ्याला हा धागा कुठून मिळाला ते कळते, एवढे मान्य करायला हरकत नाही.

बुरख्याबद्दलही अर्धेच सत्य सांगितले जाते. सामन्यांच्या वेळी महिलांना हिजाब किंवा अबाया (अंगभर सैल झगा) घालावा लागणार नाही, गडद रंगाची विजार आणि बंद गळ्याचा पांढरा ब्लाऊज चालेल, असे फिडेने स्पर्धेपूर्वी जाहीर केले होते. परंतु ॲनाची हरकत पटासमोरच्या पोशाखापुरती नव्हतीच. बाहेर पडताना सोबतीला कोणीतरी लागणे आणि एकूणच आपण दुय्यम प्राणी आहोत असे वाटणे तिला नको होते. पाच दिवसांत डझनभर स्पर्धांपेक्षा अधिक कमाई होणार असतानाही आपण जात नाही, असेही तिने फेसबुकवर स्पष्ट म्हटले होते. त्या स्पर्धेत खुल्या गटाच्या प्रत्येक प्रकाराला साडेसात लाख डॉलर आणि महिलांच्या प्रत्येक प्रकाराला अडीच लाख डॉलर ठेवले होते, ही विषमता मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

आता ज्या वाक्यामुळे हे लिहायला बसलो त्याकडे येतो. ‘तिने कधीही डोक्यावर फडका घेतला नाही’ हे धादांत खोटे आहे. रियाधच्या दहा महिने आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, महिलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तेहरानमध्ये सुरू झाली आणि तेथे प्रत्येक महिला खेळाडूला डोके झाकणे सक्तीचे होते. अमेरिकेच्या नाझी पैकिद्झेने त्या स्पर्धेवर जाहीर बहिष्कार घातला. ॲना मात्र गेली, डोक्यावर फडका घेऊन खेळली आणि थेट अंतिम फेरीत पोहोचली. चार डावांनंतर २-२ अशी बरोबरी झाली आणि टायब्रेकरमध्ये ती चीनच्या तान झोंगयीकडून हरली. त्या सामन्याची छायाचित्रे कोणालाही पाहता येतात. निरोप तयार करणाऱ्याने ती पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत, एवढेच. तिने नोव्हेंबरमध्ये जे लिहिले त्याचा आशय असा होता की, प्रत्येक गोष्टीला मर्यादा असते आणि इराणमधले डोक्यावरचे फडके पुरेसे झाले. म्हणजे सक्ती काय असते याचा अनुभव घेऊन, विश्वविजेतेपदाच्या एका पावलावरून परत आलेल्या खेळाडूने पुन्हा तसे करणार नाही असे ठरवले होते. माझ्या मते तिच्या नकाराला वजन येते ते याच गोष्टीमुळे, आणि निरोपाने नेमकी तीच गाळली आहे.

ती का गाळली, हेही उघड आहे. तेहरानचा उल्लेख केला की ‘आपल्या मुली’ हा टोमणा मारता येत नाही. त्याच स्पर्धेत हरिका द्रोणावल्ली उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली होती आणि तीही तान झोंगयीकडूनच हरली. ज्या नियमाखाली हरिका खेळली त्याच नियमाखाली ॲना खेळली. मग एक वीरांगना आणि दुसरी भित्री, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात? शिवाय पुण्याच्या सौम्या स्वामीनाथनचे नाव या मंडळींच्या कानावर गेलेलेच दिसत नाही. २००९ मध्ये मुलींच्या गटात कनिष्ठ विश्वविजेती ठरलेल्या या महिला ग्रँडमास्टरने जून २०१८ मध्ये, डोके झाकण्याची सक्ती आपल्या मूलभूत हक्कांविरुद्ध आहे असे सांगून, इराणमधील हमदान येथे होणाऱ्या आशियाई सांघिक स्पर्धेतून माघार घेतली होती. धाडसाचे उदाहरण मुलींना द्यायचेच असेल तर ते आपल्या घरापासून फार लांब नाही. पण ते देण्यासाठी दुसऱ्या मुलीला कमी लेखण्याची गरज नसते.

राहिला कारकीर्द संपल्याचा दावा. ल्विव्हमध्ये जन्मलेली आणि काही वर्षे स्लोव्हेनियाकडून खेळून २०१४ मध्ये युक्रेनकडे परतलेली ही खेळाडू २६०० गुणांकन गाठणारी इतिहासातली चौथी महिला आहे. रियाधनंतरही ती खेळतच राहिली. देशावर युद्ध लादले गेले त्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, चेन्नईजवळ मामल्लापुरम येथे झालेल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये युक्रेनच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकले. त्या संघात ॲना होती आणि तिची धाकटी बहीण मारियाही होती. भारताच्या महिला संघाला तेव्हा कांस्यपदक मिळाले होते. पुढे जून २०२५ मध्ये नॉर्वे बुद्धिबळ स्पर्धेचा महिला गट ॲनाने जिंकला, आणि त्यात कोनेरू हम्पी तिसरी आली.