बॅक बटणाबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. भरत आणलेला फॉर्म रिफ्रेश होताच कोरा झाला आणि तुमच्या माणसाला सगळं पुन्हा टाइप करावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ती चूक आमचीच. मजकूर आम्ही फक्त पानाच्या मेमरीत ठेवला होता आणि पान नव्याने लोड झालं की ती पुसली जाते. सेशनस्टोरेजमध्ये, म्हणजे टॅब उघडा असेपर्यंत टिकणाऱ्या ब्राउझरमधल्या जागेत ठेवला असता तर त्याच टॅबमध्ये रिफ्रेशनंतरही शाबूत राहिला असता. यावर माझ्याकडे सबब नाही.

पण "यादीतून बाहेर पडायला पंधरा वेळा बॅक दाबावं लागतं, एवढं साधं बटणही यांना जमत नाही" असं तुम्ही लिहिलंत, ते फार लागलं. गप्प बसलो तर हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आम्हाला काम येत नाही असंच वाटेल, आणि आमचं पोट याच कामावर आहे.

सर, पहिल्या आवृत्तीत बॅक एकदाच दाबावं लागत होतं. फिल्टर बदलला की आम्ही रिप्लेसस्टेट करत होतो, म्हणजे हिस्टरीतली चालू नोंदच बदलायची, नवी वाढवायची नाही. फिल्टर पानाच्या पत्त्यात (लिंकमध्ये) उतरत होता, त्यामुळे लिंक पाठवली तर समोरच्यालाही तेच फिल्टर लागलेले दिसत होते आणि बॅक दाबलं की सरळ आधीचं पान. ते पाहून तुम्ही लेखी कळवलंत, की चुकून फिल्टर बदलला तर बॅक दाबून आधीचा परत मिळाला पाहिजे, आणि तोही प्रत्येक वेळी. तसं हवं असेल तर प्रत्येक बदलाला पुशस्टेट, म्हणजे हिस्टरीत नवी नोंद करावी लागते आणि प्रत्येक पुशस्टेटने हिस्टरीत एक पायरी वाढते. पंधरा वेळा फिल्टर बदलला तर पंधरा पायऱ्या. हे मी तेव्हाच उत्तरात लिहिलं होतं. त्यावर आलेला तुमचा होकार आजही माझ्याकडे आहे. तो इथे चिकटवणार नाही, ते बरं दिसत नाही.

शोधाच्या चौकटीतल्या प्रत्येक अक्षरालाही तुम्हाला नोंद हवी होती. ते मात्र मी ऐकलं नाही, कारण थोड्या वेळात फार पुशस्टेट झाले की सफारी ब्राउझर एरर देतो आणि ॲप तिथेच अडकलं असतं. टाइप करणं थांबलं की एकच नोंद, असं तिथे ठेवलं. त्याबद्दल रिव्ह्यूमध्ये अवाक्षर नाही, याचंही वाईट वाटलं.

बॅक दाबताच थेट मुख्य पानावर का नेत नाही, असं तुम्ही विचारलं आहे. बॅक हे ब्राउझरचं बटण आहे, आमचं नाही. पॉपस्टेट, म्हणजे बॅक दाबल्याची ब्राउझरकडून येणारी सूचना, आमच्यापर्यंत पोहोचतो तोवर नोंद बदललेली असते, ती अडवता येत नाही. हिस्टरीत मागे दुसऱ्या साइटची कुठली पानं आहेत हेही ब्राउझर आम्हाला दाखवत नाही. तुम्ही आधी कुठल्या साइटवर होतात हे आम्हाला कळू नये म्हणूनच ते तसं आहे. बॅक दाबणाऱ्याला नव्या नोंदी घुसडून अडकवून ठेवणाऱ्या साइट असतात. आम्ही तसलं काही कधी केलं नाही आणि करणारही नाही.

आमच्या प्रत्येक नोंदीत क्रमांक असतो. त्यावरून मोजून एका फटक्यात सगळ्या पायऱ्या मागे नेणारं "यादी बंद करा" असं वेगळं बटण देता येईल. ते आणि फॉर्मचं काम आता हातात घेतो, लवकरच होईल. आम्ही दोघंच आहोत, त्यामुळे आज तारीख देत नाही.

फिल्टर पहिल्यासारखे हवे असतील तर तेही करून देऊ. फक्त या वेळी दोन्हींतलं कुठलं हवं ते नक्की ठरवून कळवा.

आपला,
ॲपचा मालक